गुणपत्रिकेतला खड्डा आणि एमबीएचा फॉर्म

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त तळमजल्यावरील सभागृहात दहावी ते पदवीच्या मुलांसाठी व पालकांसाठी झालेल्या कार्यक्रमातील भाषण, थोडे संक्षिप्त करून.)



सचिवांचा फोन आला, “तू एमबीए झालीस, मुलांना दोन शब्द सांग.” मी म्हटलं, “काका, सोसायटीत माझ्यापेक्षा हुशार मुलं आहेत, त्यांना बोलवा.” ते म्हणाले, “हुशारांचं ऐकून मुलं घाबरतात. तू ये.” आता याला कौतुक म्हणायचं की काय, मला अजून कळलेलं नाही. पण आले.

आधी माझी गुणपत्रिका सांगते, कारण तीच आजचा विषय आहे. दहावीला ९१ टक्के. तेव्हा आपल्या नोटीस बोर्डावर माझं नाव लागलं होतं, पेढे वाटले होते. बारावी सायन्सला ५६ टक्के. तेव्हा बोर्डावर काही लागलं नाही आणि मी दोन महिने लिफ्ट सोडून जिन्याने ये-जा केली, कुणी विचारू नये म्हणून. मग कॉमर्सला गेले. एफ.वाय.ला गणिताची केटी लागली. ती सुटेना. आमच्या वेळच्या नियमाप्रमाणे एफ.वाय.चा विषय राहिला की टी.वाय.ला प्रवेश नाही. एस.वाय. झाल्यावर एक अख्खं वर्ष मी घरी बसले.

त्या वर्षी दोन गोष्टी घडल्या. ऑगस्टमध्ये आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. आणि दिवाळीनंतर खजिनदार काकांनी मला हाक मारली, “रिकामी आहेस ना? कॉम्प्युटर येतो ना? मग ये, या वह्या एक्सेलमध्ये चढव.” काका, तुम्ही ‘रिकामी’ म्हणालात तेव्हा फार राग आला होता. आज सगळ्यांसमोर सांगते.

४८ फ्लॅट, त्यातले ११ थकबाकीत. मी यादी केली, व्याज काढलं, पावत्या लावल्या. त्याच उन्हाळ्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंग निघालं. तीन कोटेशन्स आली. सभेत कुणीतरी म्हणालं, सिंकिंग फंड पडून आहे, त्यातून करा. तेव्हा काकांनी शांतपणे समजावलं की दुरुस्ती निधी वेगळा आणि सिंकिंग फंड वेगळा. आदर्श उपविधींप्रमाणे दुरुस्तीसाठी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी किमान ०.२५ टक्के काढायचे. सिंकिंग फंड हा पुनर्बांधणी किंवा मोठ्या संरचनात्मक कामासाठी, तोही सर्वसाधारण सभेच्या ठरावाने. ज्या टक्केवारीला मी कॉलेजात घाबरत होते, ती त्या दिवशी मला पहिल्यांदा उपयोगाची वाटली. पुढच्या परीक्षेत केटी सुटली.

पदवी झाली, दोन वर्षं नोकरी केली, आणि मग एमबीएचे फॉर्म भरायला बसले. एका फॉर्ममध्ये रकाना होता : शिक्षणात खंड असल्यास कारण लिहा. मी सरळ लिहिलं, ‘आईच्या आजारपणामुळे एक वर्ष वाया गेले.’ वाचायला बरं वाटत होतं. प्रिंट टेबलावर राहिली आणि आईने ती वाचली. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, “तुझा निकाल जूनमध्ये लागला. माझं ऑपरेशन ऑगस्टमध्ये झालं.” आणि पोळ्या लाटायला गेली.

मला जे सांगायचंय ते त्या एका वाक्यात आहे. आपण कारण शोधतो ते समोरच्यासाठी नाही, स्वतःला बरं वाटावं म्हणून. मी तो फॉर्म पुन्हा भरला. लिहिलं, ‘गणिताची भीती होती, अडलेलं विचारलं नाही, म्हणून दोनदा नापास झाले. त्या वर्षात सोसायटीचे हिशेब लिहिले, नंतर विषय सोडवला.’ बस, एवढंच.

आता थोडं उपयोगाचं. मुलांनो, सगळे दरवाजे सारखे नसतात, हे आधी समजून घ्या. कॅट ही परीक्षा आयआयएम घेतात, साधारण नोव्हेंबरच्या शेवटी. भाषा, तर्क आणि गणित असे तीन विभाग. बसायला पदवीला ५० टक्के लागतात. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ४५. पण मुलाखतीला बोलावताना बऱ्याच आयआयएम दहावी, बारावी, पदवी, नोकरीचा अनुभव या सगळ्याला गुण देतात, आणि प्रत्येकीचं गणित वेगळं असतं. त्यामुळे कॅटला उत्तम पर्सेंटाइल असूनही बोलावणं येत नाही, असं होतं. माझं तसंच झालं. प्रत्येक संस्था आपले निकष वेबसाइटवर देते. क्लासची फी भरायच्या आधी ते वाचा. मी नंतर वाचले.

आपल्या राज्याची एमबीए-एमएमएसची सीईटी वेगळी. तिथे पदवीच्या किमान गुणांची अट आहे, पण सरकारी प्रवेश फेऱ्यांची गुणवत्ता यादी प्रवेश परीक्षेच्या गुणांवर लागते. बारावीचे ५६ टक्के तिथे तुमच्या पायात येत नाहीत. ज्याची जुनी पाटी खडबडीत आहे, त्याने हा दरवाजा विसरू नये.

परदेशी संस्था जीमॅट किंवा जीआरई मागतात, सोबत निबंध आणि वरिष्ठांची शिफारसपत्रं. अनेक ठिकाणी एक ऐच्छिक निबंध असतो, तिथे गुणांबद्दल खुलासा करता येतो. तो छोटा ठेवा. काय झालं, त्यानंतर काय केलं. रडगाणं नको, आणि ‘नापास झालो हे माझं भाग्यच’ असलंही नको.

आणि पालकांसाठी : पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ९० पर्सेंटाइल म्हणजे साधारण शंभरातले नव्वद तुमच्या मागे. उगाच “९० मिळाले, मग १० कुठे गेले?” असं विचारू नका!

माझी एका संस्थेत मुलाखत झाली. त्या वर्षाबद्दल विचारलं, मी फॉर्ममध्ये लिहिलं तेच सांगितलं. मग समोरचे सर म्हणाले, “सोसायटीचे हिशेब? मग सिंकिंग फंड म्हणजे काय ते सांगा.” पुढची दहा मिनिटं आपली गच्चीच चालली होती. तीन कोटेशन्समधलं सगळ्यात स्वस्त का नाकारलं, इथपर्यंत.

तुम्हाला वाटेल, लगेच प्रवेश मिळाला. नाही. प्रतीक्षा यादीत नाव आलं आणि ती यादी माझ्यापर्यंत सरकलीच नाही. प्रवेश मिळाला तो सीईटीतून, मुंबईतच. आणि खड्डा तिथेही बुजला नाही. कॅम्पसवर काही कंपन्यांची अट असते, दहावीपासून सगळीकडे ६० टक्के. त्यांच्या मुलाखतींना मला बसताच आलं नाही. मैत्रिणी आत जायच्या, मी कॅन्टीनमध्ये. हे मी मुद्दाम सांगतेय. खरं बोललं की सगळं मिळतं, असं मी म्हणणार नाही. पण ज्या कंपनीने घेतलं, तिथेही तोच प्रश्न आला, “हे वर्ष काय झालं?” आणि मला आधी कुठे काय सांगितलं होतं ते आठवावं लागलं नाही. खऱ्याचा हा फायदा, ते पाठ करावं लागत नाही.

म्हणून तीन कामं करा. प्रत्येक गुणपत्रिका, केटीचीसुद्धा, एका फाइलमध्ये लावा. ५९.६ ला ६० लिहू नका. कागद तपासताना उघडं पडतं. आणि जिथे घसरलात, त्याच विषयात नंतर काहीतरी करून दाखवा. माझ्यासाठी ती सोसायटीची वही होती.

आणि मोठ्यांना एक विनंती. नोटीस बोर्डावर ९० टक्केवाल्यांची नावं जरूर लावा. पण जी मुलं जिन्याने जाताना दिसतील, त्यांना थांबवून टक्के विचारू नका. काम सांगा.

काका, त्या हाकेबद्दल मनापासून आभार. वह्या अजून चढवायच्या असतील तर रविवारी मी रिकामी आहे.