भिंतीतली फट

मुलांच्या मासिकात एक कोडं हमखास असतं. एका कोपऱ्यात ससा, समोरच्या कोपऱ्यात गाजर, मध्ये वाकड्यातिकड्या भिंतींची गिचमीड. सशाला वाट दाखवा! हे पान मोबाइलने टिपायचं आणि वाट मात्र कॉम्प्युटरने काढायची, असा प्रोग्रॅम लिहायला घेतला तर काय काय होतं, ते आज सांगणार आहे. मी वाघोलीचा. नगर रस्त्यावरचं आमचं गाव दगडाच्या खाणींसाठी ओळखलं जायचं. आता इथे इंजिनिअरिंगची कॉलेजं आहेत आणि शेजारच्या खराडीत कॉम्प्युटरवर काम करणारी माणसं बिल्डिंगगणिक आहेत, तेव्हा असल्या विषयाला गिऱ्हाईक मिळतं. सगळे विचारतात ते मात्र एवढंच, की वाट कशी सापडते? माझ्या मते खरी कटकट त्याच्या आधीच होऊन गेलेली असते. कोडं वाचताना.

वाट सापडण्याचं आधी उरकून टाकू. सशाच्या चौकटीत शून्य लिहा. तिथून एका पावलात जिथे जाता येईल त्या चौकटींत एक, त्यांच्या शेजारच्या रिकाम्या चौकटींत दोन, मग तीन. पाणी सोडल्यावर ते सगळ्या वाटांनी एकदमच पसरतं ना, तसे हे आकडे पसरत जातात. गाजराच्या चौकटीत जो आकडा पडेल तेवढी पावलं लागणार, आणि त्याहून जवळची वाट नाही. मग गाजरापासून एकेक आकडा उतरत मागे यायचं, की वाट हातात. अमेरिकेत एडवर्ड मूर यांनी १९५९ साली ही रीत छापली. तिथलेच सी. वाय. ली यांनी १९६१ मध्ये हीच युक्ती विजेच्या सर्किटमधल्या तारा एकमेकींना न छेदता कशा न्यायच्या, यासाठी वापरली. आज कॉलेजातलं पोर हे तीस-चाळीस ओळींत लिहितं.

आता वाचण्याकडे येऊ. आपल्याला पानावर भिंत दिसते. कॉम्प्युटरला दिसतात नुसते ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याला शून्य ते २५५ मधला एक आकडा. शून्य म्हणजे ठार काळा, २५५ म्हणजे पांढराशुभ्र. हजार बाय हजारचा फोटो म्हणजे असे दहा लाख आकडे. त्यातला काळा कुठला आणि पांढरा कुठला, हे तुम्ही ठरवून द्यायचं. १२८ च्या खालचं सगळं भिंत, असं म्हणालात तर फोटो काढताना पडलेली तुमच्या हाताची सावलीसुद्धा भिंत होऊन बसते. म्हणून सगळ्या पानाला एकच माप न लावता, प्रत्येक ठिपका आपल्या आजूबाजूच्या ठिपक्यांपेक्षा किती गडद आहे ते बघतात. सावली निघून जाते, रेघ राहते.

सावली गेली तरी छपाई आहेच. शाई जराशी फिकी उमटलेली असते आणि भिंतीत एका ठिपक्याएवढी फट राहते. माणसाच्या डोळ्याला ती दिसत नाही. दिसली तरी माणूस म्हणतो, छपाईचा दोष आहे, सोडा. प्रोग्रॅम काही सोडत नाही. त्याला जवळची वाट हवी आहे आणि फटीतून जाणारी वाट बहुतेकदा जवळची असते! त्यावर उपाय म्हणजे सगळ्या भिंती एकेका ठिपक्याने जाड करायच्या, म्हणजे फटी बुजतात. पण जरा जास्त जाड केल्या की चिंचोळ्या गल्ल्याही बुजतात, आणि प्रोग्रॅम सांगतो की वाटच नाही. किती जाड करायचं याचं सूत्र कुठल्याच पुस्तकात नाही. समोरचं पान बघून ठरवावं लागतं.

तिरप्या भिंतींची तऱ्हा आणखी वेगळी. तिरपी रेघ बारीक असली की तिचे ठिपके एकमेकांना फक्त कोपऱ्याशी चिकटलेले असतात. प्रोग्रॅमला तिरपं पाऊल टाकायची मुभा दिलीत, तर तो दोन कोपऱ्यांच्या मधून सरळ पलीकडे जातो. आणि सगळ्यात नामी वाट म्हणजे कागदाचा समास. ससा दारातून बाहेर पडतो, कोड्याला बाहेरूनच वळसा घालतो आणि मागच्या दाराने गाजरापाशी हजर. अहो, नियमात कुठे बसत नाही हे? कागद पांढरा आहे आणि पांढऱ्यावरून चालायचं हे तुम्हीच सांगितलंत. समासाला कुंपण घालायचं तुमच्या डोक्यात आलं नाही, कारण कोड्याच्या आत राहायचं असतं हे आपल्याला कोणी शिकवलेलंच नसतं. ते आपण धरूनच चालतो.

फोटोचं निदान एक सुख आहे, सगळी भिंत एकदम समोर असते. क्लॉड शॅनन यांनी १९५० मध्ये जो यांत्रिक उंदीर केला, त्याला तेही नव्हतं. पंचवीस चौकटींच्या कोड्यात तो भिंतींना धडकत धडकत वाट शोधायचा आणि पुढच्या खेपेला थेट जायचा. लक्षात ठेवण्याचं काम मात्र जमिनीखाली बसवलेल्या टेलिफोनच्या रिलेंचं होतं. आजही मायक्रोमाउस नावाच्या स्पर्धा होतात; आपल्याकडे मुंबई आयआयटीच्या टेकफेस्टमध्ये झाल्या आहेत. सोळा बाय सोळा चौकटी, एक चौकट अठरा सेंटिमीटरची, आणि पोचायचं असतं मध्यभागी. मध्यभाग मुद्दाम. शेवट जर कडेला असेल, तर डावा हात भिंतीला लावून चालत राहिलेला बिनडोक उंदीरही पोचतो.

वाघोलीत राहणाऱ्या माणसाला हे सगळं ओळखीचं वाटेल. २०२१ मध्ये गाव पुणे महापालिकेत गेलं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून शेतं जाऊन सोसायट्या उभ्या राहत होत्या, आणि जिने तिने आपापली कंपाउंड वॉल घातली. भिंतीपलीकडच्या सोसायटीतल्या मित्राकडे जायचं तर आधी नगर रस्त्याला लागा, डिव्हायडर संपेपर्यंत जा, वळा आणि परत या. मोबाइलवरचा नकाशाही मघाच्याच जातीचा हिशोब करतो. डच शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९५६ मध्ये तो शोधला, त्यात पावलांऐवजी अंतर किंवा वेळ मोजतात. हिशोब चोख असतो, तरी तो नेऊन उभा करतो बंद फाटकासमोर. नकाशात तिथे रस्ता आहे, फाटक नाही. ओपनस्ट्रीटमॅपसारख्या लोकांनीच भरलेल्या नकाशात फाटकाची खूण वेगळी करता येते, पण ती करायला कोणीतरी तिथवर जाऊन फाटक बघावं लागतं. वाट शोधणारा प्रोग्रॅम कितीही सुधारला तरी हे काम त्याच्याने व्हायचं नाही.

घरात मुलं असतील तर चौकटीच्या वहीत एक कोडं काढून हे आकडे भरून बघा. सोबत एक पडताळाही देतो. चौकटी बुद्धिबळाच्या पटासारख्या आळीपाळीने रंगवल्या, तर प्रत्येक सरळ पावलाला रंग बदलतो. म्हणून त्याच दोन चौकटींमधल्या सगळ्या वाटा, लांबच्या असोत की जवळच्या, एक तर सगळ्या सम पावलांच्या असतात नाहीतर सगळ्या विषम. प्रोग्रॅमने सदतीस सांगितले आणि तुमच्या बोटाने बावन्न मोजले, तर एक तर मोजताना चूक झाली आहे, नाहीतर दोघांपैकी कोणीतरी कोपऱ्यातून तिरपं घुसलं आहे.