आधी कोण, मग कोण?

कुरकुंभसारख्या गावच्या महसूल दप्तरात दोन कागद असतात. एक फेरफार नोंदवही, गाव नमुना ६. खरेदी, वारस, बोजा, जे जसे येईल तसे ओळीने अनुक्रमांक घेऊन बसते. दुसरा सातबारा. गट नंबर सांगा, उतारा समोर. त्यावर फेरफाराचा क्रमांक. शोध एकाने, क्रम दुसऱ्याने.

संगणकातही हीच अडचण होती. ‘हॅश’ कोष्टकात नावावरून गणित करून खण ठरवतात. वस्तू झटकन सापडते, पण आधी कोण आले ते कळत नाही. २०१२ साली रेमंड हेटिंगर यांनी पायथन या संगणकभाषेसाठी तोड सुचवली: नोंदी ओळीने यादीत लिहा, खणात फक्त त्यांचा क्रमांक ठेवा. २०१६ मध्ये ती अमलात आली, जागाही वाचली. २०१८ पासून क्रमाची हमी मिळाली.

मात्र खरी कसोटी नोंद काढताना लागते. शेवटची नोंद उचलून मोकळ्या जागी बसवली, तर काम लवकर उरकते, पण क्रम मोडतो. म्हणून ती जागा मोकळीच ठेवावी लागते. नामंजूर फेरफाराचा अनुक्रमांकही वहीत तसाच राहतो. का? एका शेताची दोन खरेदीखते निघाली, की पहिला प्रश्न हाच येतो: आधीचे कोणते?