जोशी मास्तरांचा मुलगा

हुबळीपासून रेल्वेने गदग फार दूर नाही. जुन्या धारवाड जिल्ह्यातील या गावी गुरुराज जोशी हे शिक्षक राहत असत. त्यांच्या भीमसेनाची खोड विलक्षण होती. रस्त्याने भजनी मंडळी किंवा बँड निघाला की तो मागे चालू लागे आणि दमला म्हणजे वाटेत कोठेही झोपी जाई. शोधून थकलेल्या वडिलांनी अखेर त्याच्या सदऱ्यावर ‘जोशी मास्तरांचा मुलगा’ अशी अक्षरे लिहिली. हा उपाय शिक्षेचा नव्हे, आणि डोळेझाक करण्याचाही नव्हे.

१९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, मुलगा घरातून पळाला. पानात जास्तीचे तूप पडले नाही, हे निमित्त सांगतात. हट्टाची ही परिसीमाच! अमेरिकेत १९७० च्या सुमारास वॉल्टर मिशेल यांनी लहान मुलांपुढे खाऊ ठेवून पाहिले. थोडा वेळ थांबल्यास दुप्पट मिळणार होता. थांबलेली मुले पुढे सरस ठरली, असे त्यांना आढळले. परंतु २०१८ मध्ये अधिक मुलांवर झालेल्या अभ्यासात घरची परिस्थिती हिशेबात धरताच हा संबंध बराच क्षीण झाला. म्हणजे संयमाची चर्चा घराला वगळून होऊ शकत नाही.

घराच्या वळणाचे तीन प्रकार डायना बॉमरिंड यांनी १९६६ मध्ये मांडले: नुसता धाक, नुसती मोकळीक, आणि कारण समजावून दिलेली ठाम शिस्त. धाकाने गप्प बसलेले मूल संयमी झाले असे पुष्कळ घरांत मानले जाते. ते केवळ भ्यालेले असते. धाक घालणाऱ्याची पाठ वळेपर्यंतच ती शांतता टिकते.

जोशी मास्तरांनी मुलाला जालंदरहून शोधून घरी आणले. गाण्याचा नाद मारून टाकणे त्यांना अवघड नव्हते. तसे झाले नाही. १९३६ पासून भीमसेन हुबळीजवळच्या कुंदगोळात सवाई गंधर्वांकडे शिकू लागला. तेथे पाण्याच्या घागरी वाहाव्या लागत, आणि तोडी, मुलतानी, पूरिया हेच राग दीर्घकाळ घोटावे लागत. तुपासाठी न थांबलेला मुलगा तेथे मात्र वर्षानुवर्षे थांबला. गंगूबाई हनगल हुबळीहून रेल्वेने शिकवणीला येत. संध्याकाळी त्यांना स्टेशनापर्यंत पोचवताना तो त्या दिवशीचा धडा वाटेत त्यांच्याकडून पुन्हा म्हणवून घेई.