कपाटाच्या तळाची तबकडी



आमच्या गायनगुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ होणाऱ्या ह्या व्याख्यानात मी नाट्यपदांविषयी बोलेन, अशी आपली अपेक्षा असेल. मी मात्र सोबत इंग्रजी गाण्यांची एक तबकडी आणली आहे : आशा पुथली ह्यांची ‘द डेव्हिल इज लूज’. 1976 साली सी.बी.एस. कंपनीने ती काढली. पश्चिम जर्मनीत नोकरीस असलेल्या माझ्या थोरल्या बंधूंनी पुढल्याच वर्षी ती नारायणगुड्याच्या घरी आणली आणि नावाचा अर्थ कळताच वडिलांनी तिची रवानगी कपाटाच्या तळाशी केली!

बाईंचा जन्म 1945 चा, मुंबईचा, सारस्वत कुटुंबातला. हिंदुस्थानी गायनाचे शिक्षण घेऊन त्या अमेरिकेस गेल्या. ऑर्नेट कोलमन ह्या सॅक्सोफोनवादकाच्या ‘सायन्स फिक्शन’ ह्या 1972 च्या ध्वनिमुद्रिकेत त्यांची दोन गाणी आहेत. कोलमन ह्यांच्या जॅझमध्ये गायकाला ठरीव स्वरसंगतीचा आधार मिळत नाही. तानपुऱ्याशी जुळलेला गळा होता म्हणूनच तो तिथे निराधार असतानाही टिकला, असे मला वाटते.

ह्या तबकडीतले ‘स्पेस टॉक’ ऐकावे. सोल आणि फंक ही अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची गाणी. त्यांत बासगिटारचा ठेका अंगात भिनतो. त्या ठेक्यावर बाई आवाज चढवीत नाहीत. कानाशी बोलावे तशा गातात, अर्धा स्वर, अर्धा श्वास. आणि तरीही सूर हलत नाही. 1997 साली ‘नोटोरियस बी.आय.जी.’ ह्या रॅप गायकाच्या ‘लाइफ आफ्टर डेथ’ ह्या संग्रहात ह्याच गाण्याचा तुकडा वापरला गेला. आमच्या घरी त्या वेळी मूळ तबकडीवर वीस वर्षांची धूळ होती.

धूळ वडिलांमुळे बसली, असे मी बरीच वर्षे सांगत आलो. ते पूर्णपणे खरे नाही. वडील कचेरीत गेले की मी ती चोरून लावीत असे. शनिवारी गुरुजी घरी येत, पेटी पुढे ओढून माझ्याकडून यमन घोटून घेत. कित्येकदा ओठांवर आले, की गुरुजी, एक आवाज ऐकता का? ते रागावतील, ह्या भयाने मी गप्प राहिलो. ते रागावले असते, की डोळे मिटून पुन्हा लावायला सांगितले असते? विचारायला आता गुरुजी नाहीत.

तबकडीवर एके ठिकाणी चरा आहे. सुई तिथे किंचित उडेल, तेवढे सांभाळून घ्यावे. पंखे बंद केले तर बरे होईल. ‘स्पेस टॉक’ लावतो.