शकुंतलेच्या वाटेनें कारंज्याला

दिग्रसच्या मनुष्याला एका दिवसाची सफर करावयाची झाली, तर फार दूर जावें लागत नाहीं. दारव्ह्यापर्यंत मोटारीनें जावें आणि तेथून पुढें कारंजें गांठावें. कांहीं वर्षांपूर्वींपर्यंत हा दुसरा टप्पा आगगाडीनें होत असे. आणि त्या आगगाडीला सारें वऱ्हाड ‘शकुंतला’ म्हणे.

यवतमाळ, दारव्हा, कारंजें, मूर्तिजापूर आणि पुढें अचलपूर, असा तिचा मार्ग. दोन रुळांमधील अंतर अवघें अडीच फूट. विसाव्या शतकाच्या आरंभीं किलिक निक्सन या पेढीनें उभारलेल्या कंपनीनें हा मार्ग बांधला, तो मुख्यतः कापसासाठीं. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापुरास मोठ्या गाडीवर चढे, मुंबईस जाई आणि तेथून मँचेस्टरच्या गिरण्यांत. या गाडीचें वाफेचें इंजिनहि १९२१ सालीं मँचेस्टरलाच तयार झालेलें! कापूस गेला त्याच वाटेनें इंजिन आलें, आणि १९९४ पर्यंत तें इमानानें धांवलें.

धांवलें हा शब्द मात्र श्रोत्यांनीं सैल अर्थानेंच घ्यावा. फाटक आलें कीं गाडी थांबे. गाडीवरचाच एक मनुष्य खालीं उतरून फाटक लावी. गाडी पलीकडे गेली कीं तें उघडून पुन्हां गाडीवर चढे. पण या मंदपणामुळेंच प्रवाशाला पऱ्हाटीचीं शेतें, नाले, पळसाचीं झाडें सावकाश पाहावयास मिळत.

कारंजें आज वाशीम जिल्ह्यांत मोडतें. दिल्ली वेस, दारव्हा वेस, पोहा वेस आणि मंगरूळ वेस या चार वेशींचीं नांवेंच सांगतात कीं येथून वाटा कोणकोणत्या दिशांना जात. गांव व्यापाराचें आणि धनिकांचें. १६७० सालीं शिवाजी महाराजांच्या फौजेनें कारंज्यावर स्वारी केली, ती येथील संपत्तीच्या कीर्तीमुळेंच. पण भाविकांच्या दृष्टीनें कारंज्याचें खरें धन निराळें आहे. श्रीनृसिंह सरस्वतींचें हें जन्मस्थान. मुंज होईपर्यंत ॐकाराखेरीज दुसरा शब्द न उच्चारणाऱ्या बालकाची गुरुचरित्रांतील कथा घरोघर ठाऊक आहे. गुरुमंदिराच्या शांत सभामंडपांत बसलें असतां ती पुन्हां आठवते.

तेथून थोडें चालून जैन मंदिरांकडे वळावें. बलात्कारगण, सेनगण आणि काष्ठासंघ या तिन्ही परंपरांचीं पीठें या एकाच गांवांत होतीं. येथील भांडारांत पिढ्यान् पिढ्या हस्तलिखितें जपलीं गेलीं. रायबहादूर हिरालाल यांनीं १९२६ सालीं मध्यप्रांत-वऱ्हाडांतील हस्तलिखितांची जी सूचि प्रसिद्ध केली, तींत कारंज्याच्या पोथ्यांचा मोठा भरणा आहे. पुढें अमरावतीचे प्राध्यापक हिरालाल जैन आणि डॉ. प. ल. वैद्य यांनीं कारंज्याच्या ग्रंथमालेंतून अपभ्रंश भाषेंतील काव्यें संपादून जगापुढें आणलीं. दहाव्या शतकांतील कवि पुष्पदंत याचें ‘जसहरचरिउ’ १९३१ सालीं छापून निघालें. प्राकृत आणि आपल्या आजच्या देशी भाषा यांमधला दुवा म्हणजे अपभ्रंश. तो समजण्याचें एक साधन वऱ्हाडांतल्या एका आडबाजूच्या गांवीं, लाल वस्त्रांत गुंडाळून, पेटींत सुखरूप राहिलें होतें.

लुटीनें गेलेल्या द्रव्याचा मागमूस आज कोठें आहे? पोथ्या मात्र उरल्या. कारण कोणी तरी त्यांना दरसाल ऊन दाखविलें, वाळवीपासून राखलें. त्या माणसांचीं नांवें इतिहासांत नाहींत.

शकुंतला आतां बंद आहे. रुळांवर गवत वाढलें आहे, आणि हा मार्ग रुंद व्हावा अशी लोकांची मागणी आहे. इकडे दिग्रसवरून जाणारा वर्धा–यवतमाळ–नांदेड हा २८४ किलोमीटरांचा मोठा मार्ग होत आहे. त्याचा वर्धा ते कळंब हा भाग फेब्रुवारी २०२४ मध्यें सुरूहि झाला. दिग्रसकरांना त्याची वाट पाहणें स्वाभाविकच आहे. पण तो मार्ग कारंज्याला जाणार नाहीं. मोठी गाडी आली म्हणजे दिग्रसचा तरुण नागपूर, नांदेड, हैदराबाद सहज पाहील. तेव्हांहि एखाद्या रविवारीं त्यानें घरच्या वडीलधाऱ्यांना बरोबर घेऊन, मिळेल त्या वाहनानें, दारव्हा वेशींतून कारंज्यांत पाऊल टाकावें. रूळ गेले तरी वाट गेलेली नाहीं. ती चालणारीं माणसें मात्र असावयास हवींत.