हप्ता बिलातून निघाला पाहिजे



परिषदेचा अध्यक्ष म्हणून सरळ विषयाला हात घालतो, कारण जेवणाची वेळ जवळ येते आहे आणि माझं बोलणं आकड्यांचं आहे.

या वर्षी आपल्या पतसंस्थांच्या परिषदेने हरित कर्जाचा विषय घेतला. असा विषय निघाला की आपल्याकडे पहिली मागणी ठरलेली असते : सरकारने स्वस्त निधी द्यावा. सकाळपासून तीन वक्त्यांनी ती केलीही. मी आज तिच्या विरुद्ध बोलणार आहे. निदान ती आपली पहिली मागणी नसावी, इतकं तरी.

स्वस्त निधीचं काय होऊ शकतं, हे अमेरिकेत नुकतंच दिसलं. तिथल्या क्रेडिट युनियन म्हणजे आपल्याच चुलत घरातल्या. १९०४ च्या कायद्याने हिंदुस्थानात सहकारी पतपुरवठा सुरू झाला; १९०७ साली बोस्टनच्या एका मोठ्या दुकानाचा मालक, एडवर्ड फिलीन, इकडे आला होता. बंगालच्या खेड्यांतल्या पतपेढ्या त्याने पाहिल्या आणि त्या त्याच्या मनात बसल्या. पुढे १९०९ मध्ये मॅसेच्युसेट्समध्ये क्रेडिट युनियनचा कायदा झाला, त्यात त्याचा मोठा वाटा होता. तेव्हा तिकडून काही शिकताना आपल्याला संकोच वाटायचं कारण नाही.

२०२२ साली तिथे महागाई कमी करण्याच्या नावाने एक कायदा झाला. त्यात हरितगृह वायू घटवण्यासाठी २७ अब्ज डॉलरचा निधी ठेवला. पैकी ६ अब्ज खास लोकवस्तीतल्या कर्जसंस्थांसाठी होते. सरकारने ते थेट वाटले नाहीत. पाच ना-नफा शिखर संस्था निवडल्या. क्रेडिट युनियनांचं जाळं चालवणारी ‘इन्क्लुझिव्ह’ ही त्यांतली एक, तिच्या वाट्याला सुमारे १.८७ अब्ज डॉलर आले. तिने ते खालच्या संस्थांना भांडवल म्हणून द्यायचे, एकेका संस्थेला साधारण १ कोटी डॉलरपर्यंत. शिवाय कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाला वेगळी रक्कम. योजना कागदावर उत्तम होती, आणि हे मी उपरोधाने म्हणत नाही.

२०२४ च्या एप्रिलमध्ये नावं जाहीर झाली, नोव्हेंबरच्या निवडणुकीत सत्ताबदल ठरला. ११ मार्च २०२५ ला पर्यावरण खात्याने ही अनुदानं रद्द केल्याचं कळवलं. रक्कम सिटीबँकेच्या खात्यांत होती, ती तिथेच अडकली. प्रकरण कोर्टात गेलं; खालच्या कोर्टाने एक सांगितलं, वरच्याने दुसरं. जुलैत तर कायद्यातलं ते कलमच काढून टाकलं गेलं. ज्यांनी या पैशाच्या भरवशावर माणसं नेमली, सभासदांना शब्द दिला, त्यांचं काय झालं असेल हे तुम्हाला सांगायला नको. शासनाच्या परताव्याची वाट बघत ताळेबंद कसा सुकतो, हे या सभागृहात सगळ्यांना माहीत आहे.

आता याच देशाच्या ताब्यातलं पोर्तो रिको बेट बघा. २० सप्टेंबर २०१७ ला मारिया वादळ आलं आणि सगळ्या बेटाची वीज गेली. शेवटच्या घरात दिवा लागायला जवळजवळ वर्ष गेलं. तिथल्या पतसंस्थांना ‘कोऑपेरातिवा’ म्हणतात, आणि त्यांचे १० लाखांवर सभासद आहेत. बेटाची लोकसंख्या ३२ लाखांच्या आसपास आहे, त्यावरून अंदाज करा. लोक छपरावर पॅनेल आणि घरात बॅटरी मागू लागले, तेव्हा यांतल्या अनेक संस्थांनी सभासदांच्या ठेवींतून ती कर्जं दिली. गरज दारात होती आणि कर्जदार ओळखीचा होता. वॉशिंग्टनमध्ये कोण बसलंय, यावर हे अवलंबून नव्हतं.

आपल्या शेजारचं उदाहरण तर त्याहून जुनं. २००३ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने कॅनरा आणि सिंडिकेट या बँकांबरोबर घरगुती सौर दिव्यांसाठी कर्जयोजना सुरू केली, मुख्यतः कर्नाटकात. बाहेरचा पैसा वापरला तो मुख्यतः व्याजाचा काही भाग सोसायला; मुद्दल बँकांचंच होतं. तीन वर्षांत सुमारे १६ हजार घरांत दिवे लागले. सिंडिकेट बँकेने यात हात घालावा हे मला साहजिक वाटतं. रोज दारात येऊन चार पैसे गोळा करणारी पिग्मी १९२८ मध्ये याच बँकेने सुरू केली होती. बंगळुरूच्या ‘सेल्को’ या सौर कंपनीचे हरीश हांडे एका फेरीवाल्या बाईंचं म्हणणं नेहमी सांगतात : महिन्याचे तीनशे जड, रोजचे दहा चालतील. हिशोब तोच, पण तिच्या गल्ल्याला झेपणारा. ही गोष्ट आपल्या पिग्मी एजंटला कुणी शिकवावी लागत नाही.

आता आपल्या टेबलावर येऊ. छपरावर ३ किलोवॅटचा संच घ्या. रोज सरासरी १२ युनिट धरा, महिन्याला ३६० च्या घरात. पीएम सूर्यघर योजनेत ७८ हजार अनुदान मिळतं, पण संच बसून, मीटर लागून, तपासणी झाल्यावर. ते वजा जाता समजा सव्वा लाखाच्या आत, १ लाख २० हजार कर्ज राहिलं. १२ टक्के दराने ५ वर्षांत हप्ता येतो २,६६९ रुपये. सभासदाचं बिल वाचतं समजा २,३०० ने. म्हणजे दर महिन्याला तो खिशातून साडेतीनशेवर घालणार, आणि दुसऱ्या वर्षी कुरकुरणार.

यावर आपण काय करतो? व्याज दोन टक्के कमी करा म्हणून ठराव करतो. १० टक्क्यांनी हप्ता होतो २,५५०. वाचले ११९ रुपये. त्याऐवजी दर १२ च ठेवा आणि मुदत ७ वर्षं करा : हप्ता २,११८. साडेपाचशे रुपयांचा फरक पडला, आणि हप्ता बिलातूनच निघायला लागला. मुदत वाढली की एकूण व्याज जास्त जातं, हे खरं. ते सभासदाला तोंडावर सांगा. पण संच पंचवीस वर्षं चालणारा आणि कर्ज पाच वर्षांत फेडायचं, हा सोनेतारणाचा हिशोब आपण इथे आणून बसवला आहे.

अडचण मलाही कळते. आपल्या ठेवी तेरा महिन्यांच्या, फार तर तीन वर्षांच्या. त्यातून ७ वर्षांचं कर्ज द्यायचं म्हणजे मुदत संपल्यावर ठेवीदारांना काय उत्तर द्यायचं? आणि आपल्या ठेवींना बँकांसारखं विम्याचं संरक्षणही नाही. म्हणून बाहेरचा पैसा मागायचाच असेल तर इथे मागा. अमेरिकेत अल्प उत्पन्न गटातल्या क्रेडिट युनियनांना दुय्यम भांडवल घेता येतं : दीर्घ मुदतीचं, आणि तोटा झाला तर सभासदांच्या ठेवींआधी तेच झिजतं. दात्याचे कोटभर रुपये स्वस्त कर्जात वाटले तर एकदाच वाटले जातात. तेच तोट्याची उशी म्हणून मागे ठेवले तर आपल्या कितीतरी जास्त ठेवी निर्धास्त बाहेर पडतात. अमेरिकेच्या त्या योजनेसारखा निधी गोठला तरी पोर्तो रिकोसारखं चालू राहायचं असेल, तर मुद्दल आपलं हवं.

सरकारी बँका सूर्यघर योजनेत आपल्यापेक्षा बऱ्याच कमी दराने कर्ज देतात. त्यांच्याशी दरात स्पर्धा करायच्या भानगडीत पडू नका. ज्याचे कागद नीट आहेत तो तिकडे जाईल, जाऊ दे. आपल्याकडे येणार तो सिबिल नसलेला रिक्षावाला, चार भावांच्या नावावर घर असलेला धाकटा, दळणाच्या गिरणीचं बिल भरून दमलेली बाई. त्यांना ७८ हजारांचं अनुदान हातात पडेपर्यंत तेवढी रक्कमही कुणीतरी उभी करून द्यावी लागते. ती रक्कम मूळ कर्जात मिसळू नका. चार-सहा महिन्यांचं वेगळं खातं उघडा, अनुदान आलं की बंद करा. एकत्र केलं की ते अनुदान लग्नात जातं आणि हप्ता मात्र फुगलेला राहतो.

आणखी एक गोष्ट वसुलीची आहे, पण ती छपरावर घडते. ऊसपट्ट्यातल्या एका सभासदाचे तीन हप्ते थकले म्हणून आमचा वसुली अधिकारी गेला. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीची भाषा करायच्या आधी तो शिडीवर चढला, हे त्याचं शहाणपण. पॅनेलवर गुऱ्हाळाची काजळी आणि पाचटाची राख अशी बसली होती की बोटाने नाव लिहावं. खाली इन्व्हर्टरचा लाल दिवा, आणि संच बसवणाऱ्याचा फोन बंद. त्या माणसाने कर्ज बुडवलं नव्हतं. त्याचं बिल पुन्हा पूर्ण येऊ लागलं होतं आणि तो आधी वीज कंपनीचे पैसे भरत होता. मी असतो तर मीही तेच केलं असतं.

तेव्हा कर्ज मंजूर करताना सातबाराइतकंच कोटेशन वाचा. इन्व्हर्टरची हमी किती वर्षांची, दुरुस्तीला कोण येणार, तालुक्यात त्याचा माणूस आहे का. संच बसवणाऱ्याचे दहा टक्के वर्षभर आपल्याकडे अडकवून ठेवा आणि पिग्मी एजंटच्या वहीत एक रकाना वाढवा : दिवा हिरवा की लाल. त्याला रोज तिथे जायचंच असतं.

दुपारच्या खुल्या अधिवेशनात यावर ठराव येणार आहे : फेडरेशनच्या पातळीवर सामायिक हमी निधी, प्रत्येक संस्थेच्या नफ्यातून त्यात ठरावीक वाटा, आणि त्याच्या जोरावर ७ वर्षांची सौर कर्जं. वाटा किती, यावर मतभेद होतील, व्हायला हवेत. लहान संस्थांनी गप्प बसू नये. मोठ्यांच्या टक्केवारीचा भार त्यांच्यावर पडू नये, हे मी अध्यक्ष म्हणून बघेन. लाभांश अर्ध्या टक्क्याने कमी होईल, असं सभासदांना वार्षिक सभेत सांगायची तयारी असेल त्यांनीच हात वर करावा.