इंजिनाचा धूर बाहेरच जायला हवा

अर्नाळा, पाचूबंदर, किल्लाबंदर, नायगाव इथल्या नाखवा, तांडेल आणि खलाशी बांधवांशी आज मला इंजिनाच्या धुराच्या पाइपातल्या गळतीबद्दल बोलायचं आहे.

पाइप जरा फुसफुसतो, मॅनिफोल्डपाशी काजळी दिसते. पण इंजिन ओढत असतं, म्हणून काम पुढं ढकललं जातं. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीनं त्याला धरतं. डिझेल इंजिन तो पेट्रोल इंजिनापेक्षा कमी सोडतं खरं, पण बंद केबिनमध्ये तो साठत जातो. मग डोकं दुखतं, चक्कर येते, मळमळतं, आणि बोट लागली असं समजून खलाशी आडवा होतो. थंडीत, गार वारा नको म्हणून केबिनचं दार लावून पोरं झोपतात आणि खाली इंजिन चालू असतं. मला काळजी वाटते ती या झोपलेल्या पोरांची.

गळती होते कशानं? खारी हवा लोखंड खाते, हे आपण जाणतोच. दुसरं कारण उष्णतेचं. दोन मीटर लांबीचा पोलादी पाइप ४०० अंशांनी तापला, तर सुमारे एक सेंटिमीटर लांबतो. त्याला लांबायला वाव नसेल, तर जोड उलतो. म्हणून इंजिन आणि पाइप यांच्यामध्ये लवचीक नळी हवी, आणि पाइपाचं वजन मॅनिफोल्डवर न पडता वेगळ्या आधारावर पडायला हवं. इंजिनाचे माउंटिंग ढिले असतील, तर नवी गॅस्केटही फार दिवस टिकत नाही.

गळती शोधायची ती इंजिन थंड असताना. सुरू केल्याबरोबर जोडांवर साबणाचं पाणी सोडा. बुडबुडे आले, तिथं गळती आहे. पाइपावर दोरी किंवा पट्टी गुंडाळलेली असेल, तर ती आधी काढा, कारण तिच्याखाली भोक लपतं. ही दोरी जुनी असेल, तर अ‍ॅस्बेस्टॉसची असू शकते. तिची धूळ फुप्फुसांना घातक आहे. ती कोरडी ओरबाडू नका. जाणकाराकडून, ओली करून काढून घ्या. नवी पट्टी काचतंतूची लावा.

दुरुस्ती करताना जुनी गॅस्केट पूर्ण खरवडा. फ्लँजवर सरळ पट्टी धरून तो वाकला आहे का, ते पाहा. वाकलेला फ्लँज सपाट करून घेतल्याशिवाय गॅस्केट बसवू नका. नट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळा. इंजिन तापून थंड झालं की, गॅस्केटच्या सूचनेप्रमाणे, पुन्हा एकदा तपासा. पाइप सडला असेल, तर बदला. पण त्याचा व्यास कमी करू नका, नाहीतर धूर कोंडतो आणि इंजिनाची ताकद घटते. वेल्डिंग करायचं असेल, तर पाइप काढून किनाऱ्यावर आणा. डिझेल प्यायलेल्या फळ्यांजवळ ठिणगी नको. साधी पुट्टी या उष्णतेत तग धरत नाही. उष्णता सोसणारी पट्टी लावली, तरी ती बंदर गाठण्यापुरतीच.

हे सगळं करायला १ जून ते ३१ जुलै हे मासेमारीबंदीचे दोन महिने हाताशी असतात. बोट शाकारताना उभ्या पाइपाचं तोंड झाकायला विसरू नका. नाहीतर पावसाचं पाणी सायलेन्सरमध्ये साठून तो आतून गंजतो. ते पाणी इंजिनापर्यंतही पोहोचू शकतं. हंगाम सुरू करताना, इंजिन चालू करण्याआधी, ते झाकण आठवणीनं काढा.

आणि समुद्रात असताना केबिनमधल्या एकापेक्षा अधिक माणसांचं डोकं एकाच वेळी दुखू लागलं, तर दर्याला दोष देऊ नका. सगळ्यांना आधी मोकळ्या हवेत आणा, शक्य असेल तर इंजिन बंद करा, आणि बंदरावर येताच डॉक्टरांना धुराबद्दल स्पष्ट सांगा. नाखवांना माझी कळकळीची विनंती आहे: जाळी आणि डिझेल यांच्या खर्चाच्या यादीत एका गॅस्केटची भर घाला. खलाशाचा श्वास ही नाखवाची जबाबदारी आहे.